पिंगळे वाईनचं डोंबिवलीतलं नाक

डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागात दुसऱ्या मजल्यावर राहणारे विश्राम पिंगळे मार्चपासून रोज सकाळी स्वयंपाकघरात जात, हिंगाची डबी उघडत, तिच्यात नाक घालून दहापर्यंत मोजत आणि डबी जागच्या जागी ठेवत. मग लवंगा. मग देवघरातला कापूर. शेवटी कपाटात लपवलेली निलगिरी तेलाची बाटली, पण ती दार लावून.

त्यांच्या पत्नीने, सुहासिनीबाईंनी, पंधरा दिवस हे पाहिलं आणि सोळाव्या दिवशी विचारलं, "हिंगाचं काय काढलंय तुम्ही?"

"भेसळ असते आजकाल."

"मग आहे का?"

विश्रामरावांनी डबीकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "चांगला आहे हिंग."

हे ते अंदाजाने बोलले. फेब्रुवारीत आलेल्या एका साध्या तापात त्यांचा वास गेला होता आणि ताप उतरला तरी परत आला नव्हता. हिंग, कापूर, निलगिरी आणि डोंबिवलीची हवा त्यांना आता सारखीच वाटत होती. शेवटच्या बाबतीत गावातल्या पुष्कळांना त्यांचा हेवा वाटला असता. पण त्या पुष्कळांच्या नाकावर दिंडोरीतल्या साडेसहा हजार बाटल्या अडलेल्या नव्हत्या.

विश्रामराव एकतीस वर्षं एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. साबणाला आणि उदबत्तीला लागणारी सुगंधी द्रव्यं तिथे बनत. पुढे कंपनीने वासाचं पृथक्करण करणारं एक परदेशी यंत्र आणलं, त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधली, यंत्र कागदावर आलेखाचे डोंगर काढून देऊ लागलं, आणि मालक तो कागद हातात घेऊन विचारायचे, "हे ठीक आहे, पण पिंगळे काय म्हणतात?" पिंगळे फार काही म्हणत नसत. कागदाची पट्टी द्रवात बुडवायची, नाकाखालून एकदा न्यायची आणि "जाऊ द्या" किंवा "थांबवा" म्हणायचं, एवढंच त्यांचं बोलणं. निवृत्तीच्या समारंभात त्यांना बोलायला सांगितलं तेव्हाही ते दोनच वाक्यं बोलले होते, त्यातलं एक माइकबद्दल होतं.

निवृत्तीनंतर त्यांना दुसरी नोकरी लागली. ती बिनपगारी होती आणि घरातलीच होती. दिंडोरीला त्यांच्या चुलतभावाचा मुलगा साईनाथ याची सहा एकर द्राक्षं. बरीच वर्षं ती द्राक्षं वाईनच्या मोठ्या कारखान्यांना जात. मग साईनाथने आणि त्याच्या बायकोने, ऋजुताने, ठरवलं की आपणच करू. एकच वाईन, पांढरी, कोरडी, स्वस्त. ज्यांना वाईनमधलं काही कळत नाही आणि कळल्याचं सोंग आणायलाही वेळ नाही, अशा माणसांसाठी. घोडबंदर रोडवर दोन तास गाडीत बसून घरी पोचलेलं जोडपं फ्रिज उघडून जे पहिलं हाताला लागेल ते पिणार, ते आपलं असावं, इतकीच महत्त्वाकांक्षा. दोन जेवणाच्या थाळ्यांहून कमी किंमत. वाईन जिभेवर कशी लागावी यावर घरात वाद झाला होता, तेव्हा विश्रामरावांनी एक शब्द सुचवला, चुणचुणीत, आणि तो सगळ्यांना पटला.

पहिल्या वर्षीची टाकी तयार झाली तेव्हा साईनाथने कौतुकाने नमुना पाठवला. विश्रामरावांनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, "नखांचं पॉलिश काढायचं औषध." साईनाथला राग आला. त्याने नाशिकहून एक तज्ज्ञ आणला. तज्ज्ञाने चार हजार रुपये घेऊन हेच इंग्रजीत सांगितलं. तेव्हापासून पिंगळ्यांच्या घरात एक रिवाज पडला. एप्रिलमध्ये नमुना डोंबिवलीला येणार. त्या दिवशी घरात उदबत्ती लागणार नाही, दुपारपर्यंत फोडणी पडणार नाही. विश्रामराव उपाशीपोटी वास घेणार आणि फोनवर एक शब्द सांगणार: भरा. मगच बाटल्या भरायच्या. अकरा वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. हाच आता घोर होता.

मार्चमध्ये ते गुपचूप ठाण्याला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डोंबिवलीत डॉक्टर कमी नाहीत, पण डोंबिवलीत डॉक्टरच्या बाकावर बसलं की संध्याकाळपर्यंत तीन माणसं तब्येत विचारायला येतात. डॉक्टर तरुण होते आणि आशावादी होते.

"तापानंतर होतं असं. बऱ्याच जणांचा परत येतो. चार वास घ्यायचे, सकाळ-संध्याकाळ, मन लावून."

"आणि नाही आला तर?"

"तुम्ही काय काम करता, काका?"

"रिटायर आहे."

"मग काय," डॉक्टर म्हणाले, "एवढं कशाला टेन्शन घेता?"

विश्रामरावांनी हे सुहासिनीबाईंना सांगितलं नाही. मुलीला सांगितलं नाही. साईनाथला तर नाहीच. रोज उद्या सांगू असं ठरत होतं. मध्ये एकदा त्यांच्यासमोर दूध करपलं आणि ते शेजारच्या खुर्चीत शांतपणे पेपर वाचत राहिले. सुहासिनीबाई धावत आल्या तेव्हा त्यांनी बातमीत गुंगलो होतो असं सांगितलं. बातमी महापालिकेच्या नालेसफाईची होती. त्या दिवसापासून त्यांनी गॅसची धास्ती घेतली. बायको बाहेर गेली की वाटीत साबणाचं पाणी करून ते रेग्युलेटरला आणि नळीला ब्रशने लावत आणि बुडबुडे येतात का ते बघत. बुडबुडे येत नसत. तरी ते पुन्हा बघत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साईनाथचा फोन आला.

"काका, नमुना पाठवतोय. भाजीच्या टेम्पोबरोबर, कल्याणच्या मार्केटला गुरुवारी सकाळी. दोन बाटल्या. शनिवारी बाटल्या भरायचं मशीन येतंय आपल्याकडे."

"शनिवारी? मग इतक्या उशिरा का पाठवतोस?"

"मशीन भाड्याचं आहे हो, तारीख त्यांनी दिली. एकच दिवस. तुम्ही शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा."

"लॅबचा रिपोर्ट आला का?"

"आला की. सगळं नॉर्मल. पण लॅब आंबटपणा मोजते, वास कुठे मोजते? आणि आमची नाकं दोन महिने त्या टाकीपाशी राहून मेली आहेत. ऋजुताला तर आता गोठ्यातही द्राक्षाचा वास येतो." साईनाथ हसला. मग त्याचा आवाज बदलला. "काका, या वर्षी सगळा माल एकाच टाकीत आहे. सहाच्या सहा एकर. गेल्या वर्षीसारख्या दोन टाक्या नाहीत. तेवढं जरा नीट बघा."

"नीटच बघतो मी."

"तसं नाही हो. तुम्ही आहात म्हणून तर झोप लागते."

ही झोप साईनाथला लागली असेल. विश्रामरावांना बुधवारी रात्री लागली नाही.

गुरुवारी त्यांनी कल्याणच्या मार्केटमधून, कोबीच्या ढिगामागून, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या आणल्या आणि फ्रिजमध्ये ताकाच्या मागे ठेवल्या. शुक्रवारी सकाळी सुहासिनीबाईंनी रिवाजाप्रमाणे उदबत्तीशिवाय पूजा केली, स्वयंपाक टाळला आणि वाळवणाचे पापड घालायला गच्चीवर गेल्या. जाताना म्हणाल्या, "घ्या तुमचा वास. अकराला खाली येते, मला भूक लागलेली असेल."

विश्रामरावांनी पहिली बाटली उघडली. ग्लासात ओतली. वाईन स्वच्छ होती, किंचित हिरवट झाक, दिसायला निर्दोष. नाकाशी नेली. काही नाही. ग्लास फिरवला. काही नाही. त्यांनी डोळे मिटले, प्रयोगशाळेत मिटत तसे, आणि आत जे काही यायला हवं त्याची वाट पाहिली. बाहेर रिक्षा सुरू करण्याचे आवाज आले. आत काही आलं नाही.

लॅबचा रिपोर्ट चांगला होता. दिसायला वाईन चांगली होती. अकरा वर्षांत दहा वेळा ती चांगलीच निघाली होती. "भरा" म्हणायला काय हरकत होती? फोन समोर होता. त्यांनी तो दोनदा उचलला आणि दोनदा ठेवला. दहा वेळा चांगली निघाली हे नाकाने सांगितलं होतं, सरासरीने नव्हे.

मग त्यांना प्रयोगशाळेतली एक गोष्ट आठवली. वास दबलेला असला की नमुना कोमट करायचा. उष्णतेने तो वर येतो. तत्त्व बरोबर होतं. त्यांनी अर्धी बाटली पातेल्यात ओतली, गॅसवर मंद आचेवर ठेवली, वाफ धरू लागल्यावर गॅस बंद केला, पातेलं जेवणाच्या टेबलावर आणलं, डोक्यावरून टॉवेल घेतला आणि सर्दी झालेला माणूस घेतो तसा पांढऱ्या वाईनचा वाफारा घ्यायला बसले.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. सुहासिनीबाईंना पापडांवर टाकायला जुनी साडी हवी होती म्हणून त्या लवकर खाली आल्या. त्यांनी लॅचची किल्ली फिरवली, दार उघडलं आणि किंचाळल्या.

"अहो! गॅस!"

टॉवेलच्या आत विश्रामराव दीर्घ श्वास घेत होते.

सुहासिनीबाई साठ वर्षांच्या, गुडघ्याचा त्रास असलेल्या. पण त्या तीन ढांगांत स्वयंपाकघरात पोचल्या, रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, नवऱ्याला टॉवेलसकट उठवलं आणि जिन्यात ढकललं. "कोणी बटण दाबू नका!" असं त्या ओरडल्या. समोरच्या उत्तराबाई दार उघडून बाहेर आल्या.

"काय झालं हो, सुहासिनीताई?"

"गॅस लीक! घरभर वास!"

उत्तराबाईंनी हवा हुंगली. "अगं बाई, हो! माझ्याकडेही येतोय!" त्यांच्याकडे तो येण्याचं काहीच कारण नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनाही आला. पाच मिनिटांत अकरा माणसं आणि एक पोपट पार्किंगमध्ये जमले. या भागात वास आला की आधी माणूस कारखान्यांच्या दिशेने बघतो, मग मुलं कुठे आहेत ते बघतो. तसं सगळ्यांनी बघून झालं. वॉचमन काळुराम हातात काठी घेऊन उभा होता. काठीचा गॅसवर काय उपयोग हे त्याला कोणी विचारलं नाही.

"सिलेंडर कधीचा आहे?" उत्तराबाईंनी विचारलं.

"सोमवारी बदलला. आणि हे तिथेच बसले होते!" सुहासिनीबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही तिथेच बसला होतात. टेबलाशी. मला दारातून आला, तुम्हाला कसा नाही आला?"

सगळ्यांनी विश्रामरावांकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता आणि चेहरा वाफेने लाल झाला होता. निवासी विभागात त्यांच्या नाकाची ख्याती होती. गणपतीत तुपाची भेसळ ओळखायला कार्यकर्ते त्यांच्याकडे येत.

विश्रामराव रेग्युलेटरचा विचार करत होते. सकाळी सहाला त्यांनी साबणाचं पाणी लावलं होतं. बुडबुडा नव्हता. गॅस त्यांनी स्वतः बंद केला होता, बटण पूर्ण फिरवून, दोनदा बघून. म्हणजे गळती नव्हती. आणि गळती नसेल तर वास कशाचा?

"सुहासिनी," ते म्हणाले, "वास नेमका कसा होता?"

"कसा म्हणजे? गॅससारखा!"

"कांदा सडल्यासारखा? कोबी उकडल्यासारखा?"

"तसाच. गॅसला तसाच येतो ना."

"गॅसला वास नसतो," विश्रामराव म्हणाले. "तो मुद्दाम घालतात. कळावं म्हणून." आणि ते जिना चढू लागले.

"अहो, वर कुठे निघालात? काळुराम, धरा यांना!"

काळुरामने धरलं नाही. सुहासिनीबाईच मागून गेल्या, पदर नाकाला लावून. विश्रामरावांनी रेग्युलेटरला पुन्हा साबणाचं पाणी लावून दाखवलं. मग पातेलं उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"हुंग."

त्यांनी पदर काढला, हुंगलं आणि मान मागे घेतली. "शी! हाच. हाच तो." मग त्यांनी पातेल्याकडे, बाटलीकडे, टॉवेलकडे आणि शेवटी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हाला येत नाही," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"नाही."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"आणि हिंग?"

"नाही."

"दोन महिने!" त्या खुर्चीत बसल्या. "दोन महिने मी भजनाला जाते आणि तुम्ही मागे एकटे चहा करता. मेला असतात ना हो. मला येऊन काय दिसलं असतं?"

"मी साबण लावून बघत होतो."

"साबण! माणसाशी बोलायचं सोडून साबण लावत बसलात?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्यांना जास्तच राग आला. "सांगायला काय झालं होतं?"

विश्रामरावांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "साईनाथने मग मला कशाला विचारलं असतं?" ते म्हणाले.

खालून उत्तराबाईंनी हाक मारून वर यायचं का विचारलं. सुहासिनीबाईंनी डोळे पुसून, सगळं ठीक आहे, सर्दीचं औषध सांडलं होतं, असं खिडकीतून जाहीर केलं. खोटं बोलण्यात घरात त्यांचा हातखंडा नव्हता, पण आज नवऱ्याचे दोन महिने पाहून त्यांना धीर आला असावा.

पावणेबारा झाले होते. दुपारपर्यंत सांगायचं होतं. विश्रामरावांनी कपाटावरून तांब्याची पाण्याची बाटली काढली. मुलीने, नीरजाने, वाढदिवसाला दिलेली. हल्ली ती प्रत्येक घरात एक असते आणि कोणी तिच्यातून पाणी पीत नाही. न तापवलेली वाईन तिच्यात ओतून त्यांनी पाच मिनिटं हलवली आणि ग्लासात काढली.

"पिऊ नकोस. फक्त वास घे."

"मी कशाला पिते?" सुहासिनीबाईंनी सावधपणे हुंगलं. पुन्हा हुंगलं. "गेला की हो. जवळजवळ गेलाच."

"मग वाचेल," विश्रामराव म्हणाले. आंबवणाऱ्या यीस्टला पोसायला कमी पडलं की ते हा वास सोडतं, तांबं तो धरतं. टाकीत तांब्याचं मीठ, म्हणजे मोरचूद, अगदी मोजून घालायचं, दोन दिवस ठेवायचं, गाळायचं. पण बाटलीत भरून झाकण बसलं, की मग काही करता येत नाही. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. फोन लावताना मात्र त्यांचा अंगठा दोनदा चुकला.

"बोला काका! करू ना सुरुवात?"

"भरू नका."

"काय आहे?"

"गॅसचा वास आहे. निघेल. तांब्याची चाचणी करून बघितली. पण उद्या भरू नका."

"मशीन उद्याच आहे, काका. पुढची तारीख बारा दिवसांनी. किती आहे वास? थोडा असेल तर…" साईनाथ थांबला. "तुम्हाला स्वतःला किती वाटला?"

इथे एक साधं वाक्य पुरलं असतं. ते विश्रामरावांच्या जिभेवर तयारही होतं. समोर सुहासिनीबाई ग्लास धरून उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नसत्या.

"मला काहीच वाटला नाही," विश्रामराव म्हणाले. "मला वास येत नाही, साईनाथ. फेब्रुवारीपासून. वास तुझ्या काकूला आला."

विश्रामरावांनी फोन कापला गेला का ते पाहिलं.

"आणि तुम्ही मला आत्ता सांगताय."

"हो."

"काकूला गॅसचा आला नसता तर?"

विश्रामरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काकूला द्या फोन," साईनाथ म्हणाला.

सुहासिनीबाई दहा मिनिटं बोलल्या. विश्रामराव ऐकत होते. "कांदा नाही रे, सडका नाही, उकडलेला कोबी, कालचा," असं त्या सांगत होत्या, आणि हे विश्रामरावांनी प्रयोगशाळेतल्या कितीतरी मुलांना शिकवूनही त्या मुलांना जमलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मी? मला काय कळतंय त्यातलं? बरं, बघते."

मशीन दुसरीकडे गेलं. साईनाथने तांब्याचं मीठ घातलं, गाळलं. बारा दिवसांत त्याने विश्रामरावांना चार फोन केले, चारही कामाचे. काका कसे आहात असं एकदाही विचारलं नाही. अकराव्या दिवशी सुहासिनीबाई दिंडोरीला गेल्या. नमुना टेम्पोतून पाठवायला साईनाथ आता तयार नव्हता. टाकीपाशी येऊनच बघा म्हणाला. जाताना त्यांनी रेग्युलेटर काढून उत्तराबाईंकडे ठेवला आणि फ्रिजमध्ये दोन दिवसांचं जेवण.

बाराव्या दिवशी सकाळी विश्रामराव गार पोळी खाऊन फोनपाशी बसले. नऊ वाजले. दहा. मशीन आलं असेल. टाकीचा नळ उघडला असेल. काही कमी-जास्त निघालं तर बायकोच्या नावावर जाईल, आणि तिला हे काम त्यांच्या गप्प बसण्यामुळे लागलं होतं. साडेअकराला फोन वाजला.

"अहो, मी."

"काय झालं?"

"ती घाण नाही आता. अजिबात. मी तीनदा बघितलं."

"मग कशाचा वास आहे? सांग नीट."

"कच्च्या पेरूच्या सालीचा. थोडा लिंबाच्या पानांचा. आणि साईनाथ म्हणाला चव पण बघा, तर घशाशी अशी चुणचुणते, तुमच्या त्या शब्दासारखी." त्या आज जरा जास्तच भरभर बोलत होत्या. "मी म्हटलं, चालेल. सुरू केलंय त्यांनी. ऋजुता झाकणं लावतेय."

विश्रामरावांनी श्वास सोडला. मग त्यांना शंका आली.

"चव किती वेळा बघितलीस?"

"वरची बघितली, मधली बघितली, तळाची बघितली. मग मधली पुन्हा, कारण खात्री नव्हती."

"थुंकलीस ना?"

पलीकडे यंत्राचा आवाज येत होता.

"हे थुंकायचं असतं?"

"सुहासिनी, तू बसली आहेस का? साईनाथला फोन दे."

"तो कामात आहे. मी बसलेय हो, द्राक्षाच्या क्रेटवर. छान वारा आहे इथे," त्या म्हणाल्या. "तुम्ही अजिबात काळजी करू नका."

विश्रामराव सकाळपासून करत होते त्याहून जास्त काळजी करू लागले.